बंधारा शाबूत, काठ गेला

नदीवरचा छोटा बंधारा मधोमध फुटल्याची उदाहरणे थोडी. दगडाचे किंवा काँक्रीटचे खांब मोठ्या पुरातही तग धरतात. जाते ती त्यांच्या टोकाशी असलेली माती. पावसाळा सरल्यावर दिसणारे चित्र ठरावीक असते. पात्रात बंधारा जसाच्या तसा उभा असतो आणि नदी त्याला बगल देऊन शेजारच्या उसातून वाहत असते. वर्तमानपत्रात ‘बंधाऱ्याचा भराव वाहून गेला’ एवढी एक ओळ येते. ज्याच्या शेतातून नदी गेली त्याच्या सातबाऱ्यावर जमीन तेवढीच राहते. शिवारात मात्र ती नसते.

महाराष्ट्रात अशा बंधाऱ्यांचा सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. सरकारी कागदांत तो ‘को. प. बंधारा’ होतो आणि अभियंत्यांच्या तोंडी ‘के. टी. वेअर’. रचना साधी आहे. नदीच्या तळाशी पक्का पाया, त्यावर ठरावीक अंतराने खांब, खांबांवर स्लॅब. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. तो साधारण २ मीटर रुंद असतो. खांबांना उभ्या खाचा ठेवलेल्या असतात. त्या खाचांत आडव्या फळ्या, म्हणजे बर्गे, एकावर एक बसवले की पाणी अडते. जुन्या पद्धतीत लाकडी बर्ग्यांच्या दोन रांगा लावून मधल्या पोकळीत चिकण माती ठोकून भरत. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी बर्गे आणि रबरी पट्ट्या आल्या आहेत. पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास बर्गे घालायचे आणि मेअखेर ते काढून ठेवायचे. पावसाळ्यात गाळे मोकळे राहतात, त्यामुळे पूर आणि पुराबरोबरचा गाळ दोन्ही निघून जातात. वरचा स्लॅब रस्ता म्हणून वापरला जातो. कित्येक गावांना पलीकडच्या गावाशी जोडणारा तोच एक पूल असतो.

या रचनेमागे कोल्हापूर संस्थानातला एक विचार आहे. शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. त्या धरणाचे पाणी नेण्यासाठी लांबलचक कालवे खोदण्याऐवजी नदीच कालव्यासारखी वापरायची, जागोजागी बंधाऱ्यांनी पाणी धरायचे आणि शेतकऱ्यांनी ते उपसून वर न्यायचे, अशी घडी पुढे बसली. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९२२ ते १९४० या काळात, पंचगंगेवर कसबा बावड्याजवळ झालेला राजाराम बंधारा आज कोल्हापूरकरांना पुराची मोजपट्टी म्हणून ठाऊक आहे. तिथे ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी धरतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये तिथले पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. पाणी पात्राच्या आतच साठते, त्यामुळे गाव उठवावे लागत नाही आणि शेत बुडत नाही, ही या पद्धतीची खरी थोरवी. तिची नाजूक बाजूही इथेच आहे. साठा पात्राच्या आत म्हणजे तो काठाला टेकून असतो. धरणाला भिंत असते. बंधाऱ्याच्या जलाशयाला दोन्ही बाजूंनी नदीचा काठ हीच भिंत. ती कोणी बांधलेली नसते आणि कोणाच्या अंदाजपत्रकात नसते.

बंधाऱ्यांची परंपरा कोल्हापूरच्याही आधीची. धुळे आणि नाशिक भागात पांझरा, मोसम, गिरणा, आराम या नद्यांवरचे फड पद्धतीचे बंधारे काही शतकांपासून चालत आलेले आहेत. त्यांची जागा निवडणाऱ्यांनी नदीत आडवा आलेला खडक शोधला आणि त्याच्याच आधाराने दगडी बांध घातला. खडक दोन्ही काठांत शिरलेला असेल तर नदीला बगल द्यायला जागाच उरत नाही. पुण्याच्या ‘बंड गार्डन’मधला बंड म्हणजे मुळा-मुठेवरचा बांध. त्याला पैसे दिले मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय यांनी.   

काठ का पडतो हे समजायला आधी तो उभा का राहतो हे पाहावे लागते. त्यासाठी दादरची किंवा गिरगावची चौपाटी पुरेशी आहे. कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही, ती ओघळते. किंचित ओली वाळू उभ्या भिंतीसारखी राहते, कारण कणांमधले थोडेसे पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरते. त्याच किल्ल्यावर लाटेचे पाणी आले की तो क्षणात बसतो. आता कणांमधली सगळी पोकळी पाण्याने भरलेली असते आणि ते पाणी कणांना जवळ ओढण्याऐवजी दूर ढकलते. नदीकाठच्या मातीत वाळूबरोबर चिकण भागही असतो, त्यामुळे तिचे वागणे जास्त गुंतागुंतीचे आहे, पण मूळ गोष्ट हीच. थोड्या ओलीने माती धरते, पूर्ण भिजली की सोडते. एक घनमीटर पाण्याचे वजन १ टन. पूर्ण भिजलेल्या मातीचे २ टनांच्या आसपास. म्हणजे भिजल्यावर काठ जड होतो आणि त्याच वेळी दुबळाही होतो.

पश्चिम महाराष्ट्राच्या नद्यांकाठी बहुधा खोल काळी माती आणि पुराने आणून टाकलेला पोयटा असतो. कोल्हापूर-सांगलीकडे नदीलगतच्या अशा सुपीक पट्ट्याला मळी म्हणतात. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेताच्या मध्ये पडलेली भेग पहिल्या पावसात बुजून जाते. काठाशी मात्र ती बहुधा नदीला समांतर पडते, आणि वळवाचे पाणी तिच्यात भरले की आतून पाचर ठोकल्यासारखा काठाचा तुकडा नदीकडे ढकलला जातो. तीन मीटर उंचीच्या काठाचा एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब तुकडा म्हणजे भिजल्यावर सुमारे ६० टन माती. ती एका रात्रीत पाण्यात बसते.

बंधाऱ्यामुळे काठावर येणाऱ्या संकटांची पहिली वाट सगळ्यांना दिसते ती पडणाऱ्या पाण्याची. बंधाऱ्याच्या वर आणि खाली पाण्याच्या पातळीत ३ मीटरचा फरक असेल तर खाली पडणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला साडेसात मीटरच्या वर, म्हणजे तासाला सुमारे २८ किलोमीटर होतो. गाळमाती सेकंदाला साधारण एक मीटरच्या आसपासच्या वेगालाच सुटू लागते. म्हणून बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला तळाशी काँक्रीटचा किंवा दगडाचा पक्का थर घालतात. अभियंते त्याला अ‍ॅप्रन म्हणतात. त्याच्यावर पाण्याने उसळी मारावी, फेसाळावे, आपली ताकद तिथेच खर्च करावी आणि मग शांत होऊन पुढे जावे, अशी अपेक्षा असते. अ‍ॅप्रन तोकडा असेल तर उसळी त्याच्या पलीकडे मातीत पडते आणि तिथे डोह खोदला जातो. डोहातले पाणी दोन्ही बाजूंना भोवऱ्यांनी मागे फिरते आणि काठाचा पायथा पोखरते. वरून काठ धड दिसतो, त्यावर ऊसही उभा असतो. खाली मात्र पोकळी झालेली असते. काठ नेहमी पायथ्यापासून जातो. वरून दिसते ते फक्त शेवटचे पडणे.

इथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. बंधारा पुरात पूर्ण बुडाला की वर-खालच्या पातळीतला फरक जवळपास मिटतो आणि बंधारा स्वतः त्या मानाने निर्धास्त होतो. ‘बंधारा पाण्याखाली गेला’ ही बातमी वाहतुकीसाठी वाईट, बंधाऱ्यासाठी तेवढी नाही. खरा धोका पूर चढताना आणि उतरताना असतो.

दुसरी वाट चढत्या पुरातली, म्हणजे नदीने बंधाऱ्याला वळसा घालणे. बर्गे काढायचे राहिले असतील, किंवा काढूनही गाळ्यांत जलपर्णी, उसाचे पाचट, उन्मळलेली झाडे अडकली असतील, तर मोकळ्या पात्राची रुंदी कागदावरच राहते. पाणी चढते आणि सगळ्यांत सोपी वाट शोधते. ती वाट बहुधा बंधारा आणि काठ यांच्या सांध्यात असते. खांबांच्या दोन्ही टोकांना काठात शिरलेल्या भिंती असतात. त्यांच्या मागे आणि जोडरस्त्याखाली मातीचा भराव असतो. दगड आणि माती हे दोन स्वभावाचे पदार्थ. माती बसते, आकसते, फुगते. दगड हलत नाही. त्यांच्यात बोटभर फट पडायला एक उन्हाळा पुरतो. रस्त्याच्या भरावावरून पाणी पलीकडे पडू लागले की त्याचा खालचा उतार ओघळू लागतो, ओघळीचा नाला होतो आणि काही तासांत नाल्याची नदी. काठाची भिंत आता पात्राच्या मध्ये एकटी उभी असते.

बर्गे काढण्याचे वेळापत्रक मान्सून वेळेवर येईल या भरवशावर आखलेले आहे. मुंबईत मान्सून पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मे रोजीच आला.  सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांना असा पाऊस बर्गे काढण्याच्या ऐन दिवसांत गाठतो. एका बंधाऱ्याचे शेकडो बर्गे पाण्याच्या दाबाखालून काढणे हे माणसांच्या टोळीचे काही दिवसांचे काम. पूर तेवढी सवड देत नाही. दुसरीकडे शेतकऱ्याचीही बाजू आहे. मे महिन्यात ऊस उभा असतो, पाण्याची पाळी चुकली तर उतारा घटतो, आणि बर्गे काढायला सांगणारा माणूस त्याला शत्रू वाटतो. ही ओढाताण दर वर्षीची.

तिसरी वाट पूर ओसरतानाची, आणि ती सगळ्यांत कमी समजून घेतली जाते. नदी शांत झाली, ऊन पडले, माणसे काठावर येऊन पूररेषेवरचा चिखल पाहू लागली, अशा वेळी काठ पडतो. गावकऱ्यांना हे कोडे वाटते. पुरात टिकलेला काठ पूर गेल्यावर का पडावा?

पाणी चढलेले असताना ते दोन कामे करते. ते काठाच्या मातीत मुरते आणि त्याच वेळी बाहेरून काठाला रेटून आधारही देते. तीन मीटर खोल पाण्याचा काठावरचा आडवा रेटा दर धावत्या मीटरला सुमारे साडेचार टन भरतो. पाणी संथपणे उतरले तर मातीतले पाणीही हळूहळू झिरपून नदीत येते आणि दोन्हींचा तोल राहतो. पाणी झपाट्याने उतरले तर बाहेरचा रेटा जातो, पण आतले पाणी तिथेच अडकून राहते. चिकण मातीतून पाणी सुटायला दिवस, कधी आठवडे लागतात. अशा वेळी काठ जड असतो, आतून फुगलेला असतो आणि बाहेरून निराधार झालेला असतो. मग तो वाटीच्या आकाराच्या वक्र रेषेवरून सरकतो. वरचा भाग खाली बसतो, पायथा नदीत पुढे येतो आणि मागे ताजी उभी कड राहते.

छोट्या बंधाऱ्यावर ही परिस्थिती पुराशिवायही निर्माण होते. सात महिने भरलेला साठा, त्यात भिजून तृप्त झालेला काठ, आणि एका दिवसात सगळे बर्गे काढून मोकळे केलेले गाळे. पाणी दोन-तीन मीटर उतरते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे वेगाचा काही संबंध नाही, तिथे काठाला लांबच लांब भेग जाते. लोक नदीला दोष देतात. नदीने काहीच केलेले नसते; माणसांनी तिचा आधार घाईने काढून घेतलेला असतो. बर्गे थरांनी काढावेत, आज वरची ओळ, दोन-तीन दिवसांनी त्याखालची, हा त्यावरचा उपाय. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त आठ-दहा दिवस आधी सुरुवात करावी लागते. उशिरा जाग आलेल्या यंत्रणेला नेमके तेच परवडत नाही.

मातीत अडकलेले पाणी काय करू शकते हे पाहायला दक्षिण मुंबईने नदीकाठी जायची गरज नाही. ६ ऑगस्ट २०२०च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत कुलाबा वेधशाळेत ३३१.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात मलबार हिलचा केम्प्स कॉर्नरकडचा उतार सुटला. संरक्षक भिंत कोसळली, वरचा बी. जी. खेर मार्ग खचला आणि खालच्या एन. एस. पाटकर मार्गावर माती आणि झाडे येऊन पडली. डोंगरउतार आणि नदीकाठ यांचे शास्त्र एकच आहे. म्हणूनच मुंबईतल्या जुन्या दगडी संरक्षक भिंतींना ओळीने छोटी भोके ठेवलेली दिसतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला ती अपुऱ्या बांधकामाची खूण वाटते. मागच्या मातीतले पाणी बाहेर यावे म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. ती सिमेंटने लिंपून टाकणे म्हणजे भिंतीमागे छोटे धरण बांधणे. बंधाऱ्याच्या काठभिंतींनाही अशी भोके लागतात आणि तिथेही ती गाळाने बुजलेली असतात.

चौथी वाट डोळ्यांना दिसत नाही. साठलेले पाणी बंधाऱ्याच्या पायाखालून आणि काठभिंतींच्या मागून सतत झिरपत असते. झिरपणे हा दोष नाही. मातीत ते होणारच. पाण्याबरोबर मातीचे कण निघू लागले की मात्र खालच्या अंगाकडून वरच्या अंगाकडे बारीक नळी खोदली जाते. नळी जितकी लांबते तितके पाण्याचे अंतर कमी होते, वेग वाढतो आणि नळी आणखी जोरात खोदली जाते. अविभाजित पंजाबात चिनाब नदीवरचा खानकीचा बंधारा १८९५ साली आणि गंगेवरचा नरोऱ्याचा बंधारा १८९८ साली असाच पायाखालून दगावला. त्या अपयशांतून अभियंते झिरपणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडायला शिकले. १९३६ साली अजुधियानाथ खोसला यांनी मांडलेली पद्धत आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शिकावी लागते. तिचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की पाण्याची भूमिगत वाट लांब आणि अवघड करा. पायाखाली खोलवर उभी भिंत उतरवा आणि काठाच्या भिंती मातीत पुरेशा आत न्या. खर्च वाचवायचा झाला की पहिली कात्री याच, जमिनीत लपणाऱ्या भागाला लागते.

या नळ्यांची सुरुवात कधी उंदीर-घुशींच्या बिळांनी होते, कधी कुजलेल्या मुळांनी, कधी खेकड्यांनी. खेकड्यांचे नाव काढले की महाराष्ट्राला तिवरे आठवते. चिपळूण तालुक्यातले तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. खेकड्यांनी धरण पोखरल्याचे विधान तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी केले, आणि राज्यभर निषेधाचे व चेष्टेचे मोहोळ उठले. खेकडा मातीत बीळ करतो ही गोष्ट खरी आहे. पण बीळ बुजवणे, पाझर पाहणे, दर वर्षी डागडुजी करणे हे माणसाचे काम आहे, आणि ज्या बांधाला खेकडा पुरतो तो बांध आधीच गेलेला असतो.

काठ दुबळा करण्यात शेतीचा आणि धंद्याचा वाटा मोठा आहे. वाळूचा उपसा हा त्यातला सर्वांना माहीत असलेला प्रकार. तळातली वाळू गेली की पात्र खोल होते, काठ आपोआप उंच होतो, आणि उंच काठ लवकर पडतो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला हे झाले तर अ‍ॅप्रनचे टोक हवेत लोंबू लागते. वीटभट्ट्यांसाठी मळीची माती काढणे त्याहून घातक, कारण तिथे काठच विकला जातो. उसाचा शेवटचा सरी-वरंबा अगदी कडेपर्यंत नेण्याची सवय सर्वत्र आहे. पाटपाण्याने तो पट्टा वर्षभर ओला राहतो, म्हणजे पावसाआधीच काठ निम्मा भिजलेला असतो. उपसा योजनांच्या जॅकवेल आणि पाइपलाइन काठ फोडून आत जातात. त्यांच्या भोवतीची माती पुन्हा नीट ठोकली जात नाही आणि गळके सांधे तिला वर्षभर पाणी पाजतात. लोखंडी बर्गे चोरीला जाणे हाही नित्याचाच अनुभव. मग उरलेल्या बर्ग्यांच्या फटी प्लास्टिक, पोती आणि मातीने बुजवल्या जातात. ते सगळे पुढच्या पुरात एकाच गाळ्यातून सुटते आणि तिथला झोत नेमका एका काठावर आदळतो.

जबाबदारीचे वाटप हेही एक कारण म्हणावे लागेल. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचा बंधारा जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठा मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा खात्याकडे. वरून जाणारा रस्ता आणखी कोणाकडे, आणि काठाची जमीन शेतकऱ्याची. बंधारा, रस्ता आणि शेत यांच्या मधोमध असलेल्या वीस-पंचवीस मीटर मातीला मालक नाही. तिथेच सगळे तुटते.

उपाय माहीत नाहीत असे नाही. प्रचलित उपाय बहुधा मुरमाचा असतो. उन्हाळ्यात तुटलेल्या भगदाडात ट्रॅक्टरने मुरूम ओतायचा, वरून जेसीबी फिरवून सपाट करायचा आणि पावसाळ्यात तो वाहून गेल्याची बातमी वाचायची. भराव टिकायचा असेल तर तो पाऊण-एक वीत जाडीच्या थरांनी द्यावा लागतो. प्रत्येक थराला बेताचे पाणी मारून रोलर फिरवावा लागतो, आणि जुन्या काठात पायऱ्या कापून नवी माती त्यांत गुंतवावी लागते. उतार पाण्याच्या बाजूला पसरट ठेवावा लागतो. त्यावर दगडी पिचिंग करायचे तर दगडाखाली गिट्टी आणि जाड वाळूचा गाळणीसारखा थर हवा. तो नसला की पुराचे पाणी दगडांच्या फटींतून मागची माती ओढून काढते. दगड जागच्या जागी दिसतात, माती पळालेली असते आणि एके दिवशी सगळे अस्तर बसते. खर्च आणि गुण दोन्ही पाहता तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेली भिंत छोट्या बंधाऱ्यांना अधिक मानवते. ती काठाबरोबर थोडी वाकते, थोडी बसते, आणि तिच्यातून पाणी सहज बाहेर येते. काँक्रीटची ताठ भिंत मात्र वाकायला तयार नसते. तिला तडाच जातो.

पायथ्याला दगड आणि वर वनस्पती ही जोडी सर्वांत टिकाऊ. वाळ्याची मुळे चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटर खोल सरळ खाली जातात आणि मातीला खिळे मारल्यासारखी धरतात. हराळी पृष्ठभाग झाकते. लव्हाळ्याची महती मराठी वाचकाला अभंगातून ठाऊक आहेच. अभियंत्याच्या भाषेत सांगायचे तर तो पुरात आडवा पडून काठावर चटई अंथरतो आणि मातीजवळच्या पाण्याचा वेग मोडतो. निर्गुंडी, करंज, वाळुंज, उंबर ही नदीकाठची झाडे वरच्या भागाला चालतात. बंधाऱ्याच्या दगडी बांधकामात उगवलेला पिंपळ मात्र, मनात कितीही भक्तिभाव असला तरी, लहान असतानाच काढलेला बरा.

कोकणात आणखी एक शहाणपण दिसते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हिवाळ्यात ओढ्यांवर कच्चे बंधारे, मातीने भरलेल्या पोत्यांचे वनराई बंधारे घालतात. ते पहिल्या पुरात वाहून जाण्यासाठीच असतात. बंधारा नदीच्या आधी हार मानतो, म्हणून काठ वाचतो. पक्क्या बंधाऱ्याला ही मुभा नाही. त्याच्या वाट्याची हार काठाला पत्करावी लागते.

पावसाळ्याआधी बंधाऱ्यावर चक्कर मारणाऱ्या कोणालाही यंत्राशिवाय काही गोष्टी पाहता येतात. काठापासून चार-पाच मीटर आत नदीला समांतर गेलेली भेग, नदीकडे कलू लागलेले झाड किंवा विजेचा खांब, काठभिंत आणि माती यांच्यात पडलेली फट, भरउन्हाळ्यात हिरवे राहिलेले गवताचे बेट. भेग दिसली तर ती चिकण मातीने बुजवून वर मातीचा उंचवटा करावा, म्हणजे पावसाचे पाणी आत उतरत नाही. सर्वांत महत्त्वाची खूण बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला असते. तिथला पाझर नितळ असेल तर त्याची जागा आणि धार वहीत लिहून ठेवावी आणि दर आठवड्याला पाहावी. तो गढूळ झाला तर माती निघू लागली आहे असे समजून त्याच दिवशी वरच्या ओळीपासून बर्गे काढायला घ्यावेत.